तू वाचलेला कागद

आबा, तुला मी आयुष्यभर अरेतुरेच करत आले. आपल्या गावात बापाला 'तू'च म्हणतात, त्यात कुणाला अनादर दिसत नाही. पण एकदा स्टाफरूमच्या फोनवर तुझ्याशी बोलताना ऐकून एका बाईंनी भुवया उंचावल्या, आणि तेव्हापासून बाहेर तुझा विषय निघाला की मी 'आमचे वडील म्हणायचे' असं बोलायला शिकले. इथं ती गरज नाही. तू जाऊन एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मनातल्या मनात तुझ्याशी खूप बोलले. भाजी महागली, गावातलं आपलं घर पाडून भावकीनं पाच मजले चढवले, माझे केस पिकले, सगळं सांगितलं. विचारलं मात्र कधी काही नाही. आज विचारायचं आहे, आणि तू उत्तर देऊ शकणार नाहीस म्हणूनच जरा धीर आलाय.

मी आता सीवूड्सला राहते, सातव्या मजल्यावर, आणि पंचवीसेक वर्षं शाळेत शिकवतेय. स्वभाव होता तसाच आहे. 'ही पोर पानी पन वास घेऊन पिते,' असं तू आईला सांगायचास, तेव्हा मला राग यायचा. शाळेनं ती खोड वाढवली. दोन वह्यांत एकच चूक दिसली की कुणी कुणाची उतरवली ते मला चेहऱ्यावरून कळतं. मूल फार गोड बोलायला लागलं की मी आधी खिडकीच्या काचा शाबूत आहेत का बघते. मोठ्या माणसांच्या बाबतीत तर विचारूच नकोस. एखाद्या संस्थेनं पत्रकात 'पूर्ण सहकार्य' लिहिलं, की आता काय दडवलं जातंय, हाच विचार पहिला येतो.

तसं पत्रक तीन आठवड्यांपूर्वी आलं. आपल्या मंडळाचं. तू ज्याच्या सतरंज्या दर गुरुवारी घातल्यास आणि उपासना संपल्यावर गुंडाळून ठेवल्यास, त्याच मंडळाचं. आता त्याची लिफ्टवाली इमारत आहे आणि करंजाडेपर्यंत केंद्रं आहेत. करंजाडेच्या केंद्रात रविवारी लहान मुलांचा संस्कार वर्ग चालतो. तिथल्या सरांविरुद्ध एका आईनं पोलिसांत तक्रार दिली. तिची मुलगी आठ वर्षांची आहे. ती बाई मंडळाकडे गेली नाही, प्रमुखांच्या पाया पडायला गेली नाही, सरळ ठाण्यात गेली. सरांना अटक झाली, चॅनेलच्या गाड्या इमारतीसमोर उभ्या राहिल्या, आणि संध्याकाळपर्यंत आमच्या सगळ्या ग्रुपवर पत्रक येऊन पडलं. मी स्वयंपाकघरात उभी राहून वाचलं. तपासाला पूर्ण सहकार्य. संबंधित व्यक्ती केवळ स्वयंसेवक. आणि शेवटी, 'संस्थेकडे यापूर्वी अशी एकही तक्रार आलेली नाही.' कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते कळलंच नाही, डाळ खाली लागली. त्या सरांचं नाव मी टीव्हीवर ऐकलं होतं. हे तेच सर होते, आबा. आपल्या गावातल्या वर्गाचे.

आता आपल्या गावातला तो दिवस. अठ्ठावीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, पण मला तारखेसाठी डोकं खाजवावं लागत नाही, कारण माझी डी.एड.ची परीक्षा तोंडावर होती. आई ओट्याखाली बसून जवळा निवडतेय. मी उंबऱ्यात पुस्तक घेऊन बसलेय. मागच्या खोलीत भाड्यानं राहणारी देशावरची बाई आत येते, पदर तोंडाशी धरते आणि आईच्या सुपाकडे बघते. मग म्हणते, "काकू, पोरगी रविवारी वर्गाला जायला मागंना. पोट दुखतंय म्हणती. काल इचारलं तर रडाय लागली." आणि मग मुलीनं काय सांगितलं ते ती सांगते. ते मी इथं लिहीत नाही. एकदा लिहिलंय. मुलगी नऊ वर्षांची होती आणि माझ्याकडून पाढे घोटून घ्यायची.

आईनं सूप बाजूला ठेवलं. पोलीस हा शब्द त्या स्वयंपाकघरात कुणीच काढला नाही. पोलिसांत जायचं म्हणजे मुलीचं नाव गावभर, एवढंच आम्हाला कळत होतं. आई म्हणाली, "मास्तरची गोष्ट हाय तं डब्यान टाक. महाराज बगतील." त्यावर मीही मान डोलावली. मी, दोन महिन्यांत शिक्षिका होणारी मुलगी.

तो डबा आता कुणाला सांगितला तर हसतील. मंडळात महाराजांच्या पादुकांपुढे ठेवलेला पितळेचा डबा, झाकणाला फट, कडीला कुलूप. भाऊबंदकीचं भांडण असो, नवऱ्याची दारू असो, सुनेचा जाच असो, कागदावर लिहायचं, घडी करायची आणि आत टाकायचं. गेलेल्या महाराजांना उद्देशून निवेदन. कुणी वाचायचं नाही हा नियम. पौर्णिमेला दुपारी बाराच्या सुमारास उधाणाची भरती लागली की सगळे कागद खाडीत सोडायचे. सांगितलं, अर्पण केलं, विषय संपला. डबा उघडायचा मान तुझा होता. किल्ली तुझ्या करगोट्याला बांधलेली असायची, आंघोळीलाही सुटायची नाही. पौर्णिमेला तू कंपनीत अर्ध्या दिवसाची रजा टाकायचास. गावातल्या लोकांचा विश्वास मात्र वेगळाच होता. वाचत नाहीत म्हणतात, पण महाराजांपर्यंत पोचतं, आणि महाराज प्रमुखांना बुद्धी देतात. मी तोच विश्वास धरून त्या बाईसाठी कागद लिहिला, कारण तिला सहीपुरतंच लिहिता यायचं. माझ्या वळणदार अक्षरात, समास सोडून, मुलीच्या नावासकट, सरांच्या नावासकट. खाली तिची सही घेतली. घडी तिच्या हातात दिली आणि ती डब्यात टाकताना तिच्या बाजूला उभी राहिले.

पौर्णिमेला तू खाडीवरून परत आलास तेव्हा दीड वाजला होता. आईनं ताट वाढलं. तू हात धुतलेस, पाटावर बसलास आणि भाताला हात लावला नाहीस. आई पाणी आणायला आत वळली तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणालास, "तुझा अक्षर मी वलखताव गो. असला परत लिवू नको." मग तू म्हणालास, "पोरीचा नाव पान्यान गेला. आता कोनाचे तोंडान येनार नाय." मला त्या क्षणी बोलणी खाल्ल्यासारखं वाटलं आणि आत कुठंतरी बरंही वाटलं. तू वाचलं होतंस. नियम मोडून वाचलं होतंस. म्हणजे आता काहीतरी होणार.

आणि झालंही. पंधरा दिवसांत एका गुरुवारी तेव्हाचे प्रमुख उभे राहिले आणि त्यांनी जाहीर केलं की सरांची उरणच्या बाजूच्या केंद्रात विशेष सेवेसाठी निवड झाली आहे. टाळ्या वाजल्या. सरांना शाल दिली, नारळ दिला. तो नारळ तुझ्या हातून दिला, आबा. बायकांच्या रांगेत ती भाडेकरू बाई बसली होती, मुलीला मांडीशी घेऊन. मी तिच्याकडे बघून हसले. मला खरोखर वाटलं होतं की हा न्याय आहे, मंडळाच्या रीतीनं गाजावाजा न करता केलेला. पुढच्या महिन्यात त्यांनी खोली सोडली. टेम्पोत सामान चढवून झाल्यावर ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, तुमी नीट लिवलं हुतं न्हवं सगळं?" मी म्हटलं, हो. तिला वाटलं, माझ्या लिहिण्यात काही राहून गेलं असणार, म्हणून त्या माणसाला शाल मिळाली. तो प्रश्न मी इतकी वर्षं कुणालाच सांगितला नाही.

पत्रकानंतर चार दिवसांनी मला मंडळातून फोन आला. बोलत होते सध्याचे प्रमुख, म्हणजे तेव्हाच्या प्रमुखांचा मुलगा. अंतर्गत चौकशी समिती नेमतोय, पाच जण आहेत, एक महिला हवी, शिक्षण क्षेत्रातली हवी, आणि तुमच्या आबांची मंडळात केवढी सेवा आहे. मला तिथंच वास आला. तरी गेले. समितीचे अध्यक्ष एक निवृत्त साहेब, अत्यंत सुसंस्कृत, चहा आधी मला देणारे. त्यांनी बसल्या बसल्या प्रत्येकाच्या पुढे अहवालाचा मसुदा ठेवला. पहिल्याच बैठकीत. आम्ही कुणाला काही विचारलं नव्हतं, एकाही आईला भेटलो नव्हतो, आणि निष्कर्ष टाइप होऊन, स्पायरल बाइंडिंग होऊन समोर आला होता. प्रश्नपत्रिकेआधी उत्तरपत्रिका तयार असलेली मी आजवर एकाच वर्गात पाहिली होती, आणि त्या वर्गाच्या शिक्षकाला नोटीस मिळाली होती. मुद्दा क्रमांक चार: यापूर्वी कोणतीही तक्रार प्राप्त नाही, सबब संस्थेला पूर्वकल्पना असण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

मी विचारलं, "डब्यातल्या कागदांचं काय?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "मॅडम, ते निवेदन. निवेदन म्हणजे प्रार्थना. प्रार्थनेला काय इनवर्ड नंबर असतो?"

सगळे हलकेच हसले. मी म्हटलं, प्रार्थनेत एखाद्या माणसाचं नाव असेल तर? साहेबांनी मसुद्याचं पान उलटलं. सही पुढच्या आठवड्यात करू, असं ठरलं. निघताना प्रमुख मला लिफ्टपर्यंत सोडायला आले. बटण दाबून, हात जोडून, अगदी हळू आवाजात म्हणाले, "ताई, तुमी टेन्शन घेऊ नका. डब्याची सेवा तेव्हा आबांकडे होती ना? त्यांचं नाव आपण कुठंच येऊ देणार नाय. तुमची सही झाली की विषयच संपतो."

रस्त्यावर आल्यावर मी त्याचं वाक्य पुन्हा शब्दाशब्दानं आठवलं. मी आबा हा शब्द उच्चारलाच नव्हता. कुठला कागद, कुठलं वर्ष, कोणती मुलगी, काहीही बोलले नव्हते. नुसतं 'कागदांचं काय' आणि 'एखाद्याचं नाव असेल तर' एवढंच विचारलं होतं. किल्ली तुझ्याकडे असायची हे सगळ्या गावाला माहीत होतं, पण त्यातल्या एका कागदाशी तुझं नाव बांधलेलं आहे, ते लपवावं लागेल, हे याला कसं माहीत? त्याच्या बापानं सांगितलं म्हणून. आणि त्याच्या बापाला कुणी सांगितलं? किल्ली एकाच माणसाच्या कमरेला होती. तू कागद वाचलास, तो घेऊन प्रमुखांकडे गेलास, त्यांनी तुला काहीतरी समजावलं, आणि मग तू तो भरतीत सोडून आलास. त्यांच्या घरात ही गोष्ट बापाकडून मुलाकडे गेली. माझ्या घरात नाही आली. तू त्यानंतर नऊ वर्षं जगलास, आबा.

काय समजावलं त्यांनी तुला? मी त्या खोलीत नव्हते, पण मी आता बऱ्याच खोल्यांत बसलेय, त्यामुळे अंदाज येतो. पोरीचं भलं कशात आहे, मंडळाची अब्रू, सरांच्या म्हाताऱ्या आईचं काय, आपण त्याला लांब पाठवू, तो साधना करेल, सुधारेल. तू मान खाली घालून ऐकलं असशील. तुला फसवलं असं म्हणायला मला फार आवडेल. पण मी संशयी आहे ना. ताईची मुलगी सात वर्षांची झाली तेव्हा ताईनं तिला संस्कार वर्गाला घालायचं काढलं, आणि तू, गुरुवार न चुकवणारा माणूस, म्हणालास की रविवारी तिला पोहायला शिकवायचंय. तोवर सर कधीच गेले होते, वर्गाला दुसरे कुणी होते. तरी तू तिला त्या दारात पाठवलं नाहीस. पाच वर्षं दर रविवारी काही ना काही निघालं. तेव्हा आम्हाला तू नातीचे लाड करतोयस असं वाटायचं. आपलं पोर तू राखलंस. उरणच्या बाजूची पोरं कुणी राखायची होती? आणि नंतर करंजाडेची?

मला तुझा इतका राग कधी आला नव्हता. कंपनीच्या टाइम ऑफिसात तू हजेरीचा मस्टर सांभाळायचास. एकदा जुना भरलेला मस्टर घरी आणला होतास आणि मी त्यातलं एक पान काढून वहीला कव्हर घातलं. त्या एकाच वेळी तू माझ्यावर हात उगारलास. "मानूस नाय आला तं नाय आला," म्हणालास, "पर पान र्‍हायला पायजे." मी आठ वर्षांची होते. वरून दमदाटी झाली तरी तू कुणाची खोटी हजेरी लावली नाहीस, हे तुझ्या तेराव्याला कंपनीतले लोक येऊन सांगत होते. मग त्या एका कागदाच्या वेळी तुझं काय झालं? आणि दुसरीकडे आठवतं की मला डी.एड.ला प्रवेश मिळाला तेव्हा तू कुलूप असलेली लाकडी पेटी आणलीस, दोन्ही किल्ल्या माझ्या हातात दिल्यास आणि म्हणालास, तुझे कागद तुझे, घरातला कोणी बघणार नाही. तसा माणूस होतास तू. म्हणून हिशेब लागत नाही, आणि रागावून रागावून शेवटी रडू येतं.

पण नुसता तुझ्यावर रागावले तर माझी सुटका होईल, आणि ते काही खरं नाही. आम्हाला शाळेत दर वर्षी ट्रेनिंग असतं. मुलानं काही सांगितलं, नुसती शंका आली, तरी ताबडतोब कळवायचं, शहानिशा करणं आपलं काम नाही. मी ते नव्या शिक्षिकांना तोंडपाठ सांगते. आणि पत्रक वाचल्यापासून मी स्वतः एकोणीस दिवस गप्प बसले. तेवढ्या दिवसांत ग्रुपवर काय काय आलं ते वाचत होते. श्रद्धेवर घाला. षड्यंत्र. त्या बाईचं आधीपासून केंद्राशी वाकडं होतं. मुलगी मोबाईलवर नको ते बघते. सरांची तीस वर्षांची निष्कलंक सेवा. मंडळाच्या वेबसाईटवरच्या वर्धापनदिनाच्या फोटोत सर होते, ते एका सकाळी कापले गेले. प्रमुखांच्या खांद्यावर नुसता एक हात राहिला, कुणाचा ते कळत नाही. सगळं त्या एका निष्कलंक शब्दावर उभं होतं. करंजाडेची ती आई एकटी पडली होती, आणि ती खोटं बोलत नाही हे सांगू शकेल असं माणूस मंडळाच्या बाहेर कुणी नव्हतं. आत होतं. मी. भाडेकरू बाईचा पत्ता मी गावात चार ठिकाणी विचारला, कुणाला माहीत नाही. कागद खाडीत गेला. उरली मी आणि माझं अक्षर, आणि तू.

काल शाळेतून परस्पर रिक्षा करून पनवेल गाठलं आणि तिथून करंजाडेकडच्या ठाण्यात गेले. समितीच्या सहीचा दिवसही कालचाच होता. फोन वाजत होता, तो पर्समध्ये वाजू दिला. एक तरुण बाई अधिकारी होत्या, माझ्या विद्यार्थिनीच्या वयाच्या. त्यांनी पाणी दिलं आणि मी सुरुवातीपासून सांगितलं. आईचं जवळा निवडणं सोडून सगळं. त्या कॉम्प्युटरवर टाइप करत होत्या, मधेमधे थांबवत होत्या. कागद कुणी लिहिला? मी. तो डब्यात टाकताना पाहिलात? हो. तो बाहेर कुणी काढला? मी तुझं नाव सांगितलं, आबा. आजोबांच्या नावासकट, आडनावासकट, पूर्ण. त्यांनी तो कागद वाचला हे कशावरून? त्यांनी मला बोलून दाखवलं, माझं अक्षर ओळखलं. मग प्रमुखांनी लिफ्टपाशी काय म्हटलं तेही सांगितलं. बाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मॅडम, हे फार महत्त्वाचं आहे." मला वाटलं, झालं, आता सुटले.

मग त्यांनी विचारलं, "हे गृहस्थ आहेत?"

"नाहीत. वारले."

"तुमचं त्यांच्याशी काय नातं?"

माझं आडनाव लग्नानंतरचं. त्या टेबलापाशी कुणाला काही कळण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, "आमच्या गावातले. ओळखीचे होते."

बाईंनी तसं टाइप केलं. प्रिंट काढली, वाचून दाखवली, आणि मी खाली सही केली. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं की मंडळाचा वकील पहिल्यांदा याच ओळीवर बोट ठेवेल. बापाचं नाव सांगून नातं लपवणाऱ्या बाईचं बाकीचं तरी खरं कशावरून? एका शब्दापायी त्या आईचं सगळं पाण्यात जायचं. म्हणून आज शाळा सुटली की परत जाणार आहे. सांगणार आहे की ते माझे वडील, आणि काल खोटं बोलले. त्या रागावतील, नव्यानं लिहून घेतील. मंडळातल्या लोकांना, भावकीला, ताईला, सगळ्यांना कळेल. ते होईल ते होईल.

हे पत्र मी ताईलाही दाखवणार नाही, कुठं ठेवणारही नाही. पण एक गोष्ट अशी आहे की जी दुरुस्त केलेल्या जबाबातही येणार नाही, कारण ती त्या बाई विचारणार नाहीत. 'ओळखीचे होते' असं म्हटलं, तेव्हा जीभ अडखळली वगैरे काही नाही, आबा. मला फार बरं वाटलं.